शाळेतील यंत्रे आणि पालकांचा अधिकार

(खुलताबाद येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना असे वाटेल की, संगणक, पडदा, टॅब ही शिक्षकांची आणि अधिकाऱ्यांची बाब आहे. मजुरी करणाऱ्या आईबापांचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो कायद्याने जोडलेला आहे. शाळेत कोणते यंत्र यावे, ते कोणाच्या पैशाने यावे आणि कोणत्या मुलाच्या हाती पडावे, हे जेथे ठरते त्या बैठकीत बसण्याचा अधिकार तुम्हांला आहे. तो अधिकार कोणता व तो कसा बजवावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम याच भूमीतील एक उदाहरण घेऊ. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याची कबर येथे खुलताबादेत आहे. त्याने खडकी हे नगर वसविले. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. या नगराला त्याने जमिनीखालील नहरीने पाणी दिले. पाणी कोठे आहे, उतार किती आहे, ते कोणत्या वस्तीपर्यंत न्यावयाचे आहे, याचा विचार आधी झाला आणि खोदकाम मागाहून झाले. शिवाय आत उतरून पाहता यावे यासाठी मध्ये मध्ये तोंडे ठेवण्यात आली. योजना, बांधणी आणि देखभाल या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते पाणी लोकांच्या दारी पोहोचले. शाळेतील यंत्रांनाही हाच नियम लागू आहे.

आपल्या राज्यात काय घडले? २२ जून २०१५ रोजी शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा निर्णय काढला. त्यानंतर जिल्हा परिषदांच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याच्या लहानशा शाळेचे नाव त्या काळी सर्वत्र गाजले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या शिक्षकांचा गौरव झाला तो योग्यच झाला. परंतु शिक्षकाची बदली होते. एका कर्तबगार माणसाच्या जाण्याबरोबर ज्या शाळेचा पडदा काळा पडतो, त्या शाळेत यंत्र होते, पण योजना नव्हती, असेच म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ही यंत्रे पुष्कळ ठिकाणी लोकवर्गणीतून आली. २०१८ साली सुरू झालेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतील संगणकाचा भाग मुख्यतः सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आखला गेला. आमच्या वस्त्यांतील अनेक शाळा मात्र चौथी-पाचवीपर्यंतच्या. मग तेथे काय होणार? ज्या गावात बागायत आहे, तेथे वर्गणी जमते. ज्या वस्तीत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत, तेथे ती जमत नाही. दानावर उभी राहिलेली व्यवस्था दात्याच्या दारापाशीच थांबते. शिक्षण हा ज्या मुलाचा हक्क आहे, त्याच्या शिक्षणाचे साधन वर्गणीवर सोपविणे न्यायाचे नाही.

केवळ पैसा ओतल्यानेही काम होत नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या शाळा-जिल्ह्याने २०१३ साली प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची प्रचंड योजना हाती घेतली. यंत्रे आली, पण अभ्यासक्रम अपुरा राहिला आणि शिक्षकांची तयारीही झालेली नव्हती. खरेदीच्या पद्धतीविषयी प्रश्न उठले आणि २०१४ साली तो करार थांबवावा लागला. याउलट केरळ राज्याने २००१ पासून शिक्षकांचे प्रशिक्षण, मुक्त संगणक-प्रणाली आणि दुरुस्तीची सोय यांची घडी बसविली आणि वर्गावर्गांत यंत्रे मोठ्या प्रमाणावर त्यानंतर पोहोचविली. क्रम कोणता असावा, हे यावरून कळते.

आता कायद्याकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याचे कलम २१ सांगते की, खाजगी विनाअनुदानित शाळा वगळता शाळेत व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. वंचित गटांत अनुसूचित जाती येतात. आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारल्यामुळे तो दर्जा जात नाही. तेव्हा ही जागा कोणाच्या मेहेरबानीची नव्हे. कलम २२ प्रमाणे शाळेची विकास योजना ही समितीच तयार करते आणि शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या अनुदानाला तीच योजना आधारभूत असते. जे त्या योजनेत लिहिलेले नाही, ते उद्या मागताना तुमच्या हाती कागद राहणार नाही.

यंत्राबरोबर मुलाची माहितीही गोळा होते, हेही ध्यानात ठेवा. २०२२-२३ पासून ‘यूडायस’ नोंदणीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग यांत चूक राहिली तर पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी धावाधाव करावी लागते. ती नोंद आताच पाहून घ्या. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या; वाचता येत नसेल तर वाचून दाखविण्यास सांगा. त्यात कमीपणा नाही.

तर मग करावयाचे काय? समितीच्या पुढील बैठकीस जा, आणि मातांनी अवश्य जा. पाच प्रश्न विचारा. शाळेत चालू स्थितीतील यंत्रे किती? वीजबिल कोण भरतो? दुरुस्तीसाठी रक्कम कोठून येते? किती शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले? शेवटच्या बाकावरील मुलाच्या हाती यंत्र आठवड्यातून किती वेळा येते? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. २०२० साली शाळा बंद होऊन पाठ मोबाइलवर आले, तेव्हा घरातला एकच फोन बापाबरोबर कामावर जात होता. अशा घरातील मुलांसाठी काय सोय आहे, हे योजनेत स्वतंत्रपणे लिहवून घ्या.

उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हक्काचा भंग होत असेल तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा; तो न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रार भांडणाच्या भाषेत नको. तारीख, घटना, कलम आणि मागणी, एवढे पुरे. पोचपावती घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.

बंधू-भगिनींनो, एके काळी आमच्या मुलांना पाटी मिळाली तरी बसावयास जागा वर्गाबाहेर मिळे. आज पाटीच्या जागी पडदा आला आहे. त्या पडद्यासमोर आपले मूल कोठे बसते, हे पाहणे तुमचे काम आहे. समितीच्या बैठकीची तारीख आजच शाळेत विचारा.