नगरकारभारातील मध्यममार्ग : व्हँकूवरचा अनुभव

नगरकारभारात राजकीय पक्ष असावेत की नसावेत, हा वाद जुना आहे. गटारे आणि रस्ते यांना पक्ष नसतो, असे एक बाजू म्हणते. गटार प्रथम कोणत्या वस्तीत बांधावयाचे हा राजकारणाचाच प्रश्न होय, असे दुसरी सांगते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूवर शहराचा अनुभव या संदर्भात विचारार्ह आहे.

त्या शहरात प्रभाग नाहीत. १९३६ पासून सारे शहर हाच एक मतदारसंघ असून प्रत्येक मतदारास नगरसभेचे दहा सभासद निवडता येतात. इतक्या उमेदवारांची पारख एकट्या मतदाराने कशी करावी? साहजिकच, ज्या संस्थेची यादी ओळखीची, तिची सरशी होते. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॉन-पार्टिझन असोसिएशन’ने याच बळावर तीन दशके वर्चस्व गाजविले. नावाने पक्षातीत असली, तरी समाजवाद्यांना नगरसभेपासून दूर ठेवणे हा तिच्या स्थापनेचा हेतू होता, व व्यापारी वर्गाचा तिला भक्कम पाठिंबा होता.

१९६७ मध्ये मोटारींचा द्रुतगती मार्ग चिनी लोकांच्या जुन्या पेठेतून नेण्याची योजना पुढे आली, आणि लोकक्षोभ उसळला. ती पेठ वाचली. परंतु त्याच योजनेचा भाग असलेल्या उड्डाणमार्गांसाठी जवळची ‘होगन्स ॲली’ ही कृष्णवर्णीयांची वस्ती उद्ध्वस्त झाली.

याच काळात, १९६८ मध्ये, ‘द इलेक्टर्स ॲक्शन मूव्हमेंट’ अर्थात ‘टीम’ ही संघटना उभी राहिली. गुंतवणुकीचा व्यवसाय करणारे आर्ट फिलिप्स आणि भूगोलाचे प्राध्यापक वॉल्टर हार्डविक हे तिचे धुरीण होत. व्यापाराशी वैर न धरता, नागरिकांना विचारून शहराची आखणी करावी, अशी तिची मध्यममार्गी भूमिका होती. १९७२ च्या निवडणुकीत फिलिप्स महापौर झाले, व दहापैकी आठ जागा ‘टीम’ने जिंकल्या. विजयी सभासदांत भारतीय वंशाचे प्राध्यापक सेट्टी पेंडाकूर हेही होते.

सत्ता हाती आल्यावर फॉल्स क्रीक या खाडीच्या दक्षिण तीरावरील कारखान्यांच्या जमिनीवर निरनिराळ्या उत्पन्नांच्या कुटुंबांना एकत्र राहता येईल अशी वसाहत आखली गेली. तेथील शहराच्या मालकीची जमीन न विकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. १९७५ मध्ये शहराच्या स्थावर मालमत्तेचा स्वतंत्र निधी उभारण्यात आला, जेणेकरून पुढील पिढ्यांची ठेव चालू खर्चात गडप होऊ नये.

तथापि ही एकजूट टिकली नाही. द्रुतगती मार्गाला विरोध करताना उजवे-डावे एकत्र राहू शकले. तो प्रश्न मिटताच प्रत्येकाचा मूळ कल वर आला. १९७६ मध्ये ‘टीम’तर्फे महापौर झालेले जॅक व्होलरिच १९७८ मध्ये अपक्ष म्हणून उभे राहिले. १९८० मध्ये त्यांचा पराभव केला तो माइक हारकोर्ट यांनी. आणि तेही १९७२ मध्ये ‘टीम’च्याच यादीतून निवडून आलेले होते! पुढे काही वर्षांतच ही संघटना मावळली.

मध्यममार्गी पक्षाला सर्वांना मान्य असे निश्चित कार्य हवे, आणि ते संपताच दुसरे शोधावे लागते. ‘टीम’ला दुसरे सापडले नाही. परंतु खाडीकाठची ती वसाहत आजही नांदती आहे, आणि तिच्याखालची शहराची जमीन शहराकडेच राहिली आहे.