लहान मासळी व तिचे कांटे

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं भगिनींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून तारली व मांदेली ह्यांविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु वसईच्या ह्या किनाऱ्यावर शुक्रवारचें जेवण ह्याच मासळीवर होत आलें आहे, आणि आज तीच अनेक ताटांतून नाहींशी होत चालली आहे. कारण विचारावें तर उत्तर एकच: मुलांच्या घशांत कांटा अडकेल. मग पापलेट किंवा सुरमईची तुकडी आणावयाची. मांसत्यागाचे नियम १९६६ सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं नव्यानें घालून दिले. तथापि शुक्रवारीं मांस सोडून पापलेटावर पैसा उधळणें ह्यांत त्याग तो कोणता, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. असो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कांट्याचें भय खरें असलें तरी तें कसबानें दूर करतां येतें. आणि तें कसब ज्या म्हाताऱ्या हातांत आहे, ते हात फार दिवस राहणार नाहींत.

प्रत्येक मासळीचा कांटा निराळा, म्हणून युक्तीही निराळी. मांदेलीचें डोकें चिमटींत धरून ओढलें कीं आंतडेंही सोबत येतें. तिचा कांटा काढीत बसूं नये. तांदळाच्या पिठांत घोळवून ती कुरकुरीत तळावी व कांट्यासकट चावून खावी. कांट्यांतलें कॅल्शियम पोटांत जातें, हा लाभच. बोंबलाचा कांटा मऊ, पण अंगांत पाणी फार. तो पोटाकडून चिरून उघडावा, मधला कांटा काढावा, मीठ लावून फडक्यांत गुंडाळावा आणि वर पाटा ठेवून तासभर दाबावा. मग मसाला लावून तळावा.

खरी परीक्षा तारलीची. तिच्या फांसळ्या केसांसारख्या बारीक. मासळी ताजी फडफडीत हवी; शिळी झाली कीं पोट फाटतें, फांसळ्या मांसांत मोडून राहतात, आणि मग कोणाचेंही कौशल्य चालत नाहीं. खवले काढून डोकें छाटावें, पोट शेपटीपर्यंत उघडून स्वच्छ धुवावें. मग ती पाठ वर करून फळीवर पालथी घालावी आणि कण्यावरून अंगठा हलकेच दाबीत न्यावा. उलटी केली म्हणजे कणा सुटलेला दिसतो. तो डोक्याच्या बाजूनें धरून शेपटीकडे सावकाश उचलावा. बहुतेक फांसळ्या त्याबरोबर येतात. जें मागें राहतें तें डोळ्यांस दिसत नाहीं, बोटास लागतें. म्हणून बोट फिरविल्यावांचून मासा मुलाच्या ताटांत जाऊं नये. ज्यांस इतकी उसंत नाहीं त्यांनीं कोकम किंवा शिरका घालून तारली प्रेशर कुकरमध्यें मंद आंचेवर पाऊण तास शिजवावी. कांटे बोटांनीं चुरडण्याइतके नरम होतात. डबाबंद तारलीचें गुपितही तेंच.

जेवतांना मासा आधीं सोलावा, भात नंतर कालवावा. कवळी घातलेल्या वृद्धांस टाळूशीं कांटा कळत नाहीं. त्यांचा मासा दुसऱ्या कोणी तपासून द्यावा.

सेबास्तेचे बिशप संत ब्लेझ ह्यांनीं घशांत माशाचा कांटा अडकलेल्या मुलास वांचविलें, अशी परंपरा आहे. ३ फेब्रुवारीस त्यांच्या सणीं दोन मेणबत्त्या गळ्यापाशीं धरून आशीर्वाद देतात. तो अवश्य घ्यावा. पण कांटा अडकला तर भाताचा गोळा किंवा केळें गिळावयास लावूं नये. त्यानें कांटा अधिक खोल रुततो. टोचणें थांबलें नाहीं तर विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें.

मागच्या ओट्यावर तारलीच्या दोन टोपल्या व विळ्या मांडल्या आहेत. वडीलधाऱ्या भगिनींनीं पुढें व्हावें, आणि प्रत्येकीनें आपल्याजवळ एक तरुण मुलगी किंवा मुलगा बसवून घ्यावा.