मोटारीचा ब्रेक : पायाला न कळणारी झीज

मोटार चालते कशी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. ती थांबते कशी, याची चौकशी बहुधा ती न थांबल्यावरच होते. मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हें. माझें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें, आणि मोटारीविषयीं मला जें थोडेंफार समजतें तें तीस वर्षें ती स्वतः हांकल्यामुळें आणि एकदां चांगलाच घाबरल्यामुळें समजलेलें आहे. त्या घाबरण्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावी, आणि तिच्या अनुषंगानें ब्रेकचे पॅड बदलण्याची वेळ आली हें कसें ओळखावें तें सांगावें, असा माझा विचार आहे.

पॅड म्हणजे काय तें प्रथम पाहूं. पुढच्या चाकाच्या आड, चाकाबरोबरच फिरणारी ओतीव लोखंडाची एक तबकडी असते. तिला मिस्त्री लोक डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे पोलादाची एक जाड पट्टी आणि तिच्यावर घट्ट बसविलेला घर्षणद्रव्याचा थर. आपण पायानें ब्रेक दाबला कीं नळ्यांतील तेल एका दट्ट्याला पुढें ढकलतें, आणि चिमट्यांत पापड धरावा तशी ती तबकडी दोन पॅडांच्या मध्यें पकडली जाते. गाडीचा वेग नाहींसा होतो आणि त्याची उष्णता होते. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी थांबवितांना ताशीं ४० च्या दुप्पट नव्हे, तर चौपट उष्णता उत्पन्न होते, आणि ती या तळहाताएवढ्या पॅडांना व तबकडीला सोसावी लागते. ती सोसतां सोसतां पॅड झिजतात. तबकडी लवकर झिजूं नये म्हणून त्यांनीं झिजावयाचें, अशीच मुळीं योजना आहे.

ही झीज मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील बर्था बेंझ ही बाई, आपले पति कार्ल बेंझ यांना न विचारतां, त्यांनीं बनविलेली तीनचाकी मोटार बाहेर काढून, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून सुमारें १०० किलोमीटरांवरील फोर्झहाइमला आपल्या माहेरीं निघाली. माहेरच्या ओढीनें स्त्रिया काय काय करतात हें आपण जाणतोंच! वाटेंतील उतारांवर ब्रेक झिजून निकामी होऊं लागले, तेव्हां बाउश्लोट नांवाच्या गांवीं जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून तिनें त्यांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवात ती हीच, असें सांगतात. त्या गाडीचें बहुतेक यंत्र उघड्यावर होतें. काय झिजलें तें खालीं उतरून पाहतां येई. आपला ब्रेक चाकाच्या आड दडलेला असतो, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

२०२३ सालच्या मे महिन्यांतील गोष्ट. सुटींत आलेली माझी नऊ वर्षांची नात, सौभाग्यवती आणि मी असे तिघे पांचगणीहून पसरणीच्या घाटानें वाईला उतरत होतों. त्यापूर्वीं पंधरा दिवस, पुण्यांत गाडी हळू केली कीं ही मुलगी मागच्या आसनावरून म्हणे, "आजोबा, गाडी शिट्टी वाजवते." मी कान देऊन ऐकें, मला कांहींच ऐकूं येत नसे. अखेर "शिट्टी पोलिस वाजवतात, गाडी वाजवीत नाहीं," असें म्हणून मीं तिला गप्प बसविलें. वर्गांत मीं अशा रीतीनें गप्प बसविलेल्या मुलांपैकीं कितीजणांचें म्हणणें बरोबर होतें कोण जाणे! शिवाय दोनच महिन्यांपूर्वीं गाडी दुरुस्तीच्या एका ठिकाणीं तपासून घेतली होती, आणि तेथील कागदावर "ब्रेक ठीक" असा शेरा होता. शेऱ्यावर विश्वास ठेवण्याची माझी संवय जुनी.

घाटाचीं पहिलीं वळणें नीट गेलीं. मध्यावर आल्यावर मात्र डाव्या चाकाकडून, दगडावर खुरपें ओढावें तसा 'खर्र' आवाज येऊं लागला. तो मलाहि ऐकूं आला. ब्रेक दाबावा तेव्हां आवाज, सोडावा तेव्हां शांत. आश्चर्य हें कीं पायाखालचा ब्रेक नेहमीसारखाच घट्ट लागत होता. म्हणून मी मनाला समजावीत होतों कीं ब्रेक ठीक असला पाहिजे, एखादा खडा अडकला असेल. "अहो, खडा असो नाहींतर काय असो, गाडी बाजूला घ्या," असें सौभाग्यवतींनीं बजावलें, तेव्हां दुसऱ्या गिअरमध्यें घालून एका रुंद जागीं गाडी थांबविली. डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता.

श्रोतेहो, माझ्या पायानें मला कां फसविलें, हें आपणांस सांगितलें पाहिजे. कारण पुष्कळ जाणते चालकहि येथेंच चुकतात. माझी पहिली गाडी जुन्या घडणीची होती. तिच्या चारी चाकांना ड्रम होते आणि त्यांतील लायनर झिजूं लागले कीं ब्रेक दिवसेंदिवस खालीं जाऊं लागे. पायाला तें कळे, आणि मिस्त्रीकडून ब्रेक 'वर घेतला' कीं काम भागे. डिस्कच्या ब्रेकचें तसें नाहीं. पॅड जितका झिजेल तितका दट्ट्या आपण होऊन पुढें सरकून बसतो आणि मधलें अंतर भरून काढतो. त्यामुळें नवा पॅड आणि मरणपंथाला लागलेला पॅड यांत पायाला भेद कळत नाहीं. पायानें ब्रेकची परीक्षा करण्याची तीस वर्षांची विद्या अशी एका घाटांत फुकट गेली! ब्रेक मऊ लागणें, खोल जाणें, हे दोषहि गंभीर खरे. पण ते बहुधा तेलाचे किंवा तेलांत शिरलेल्या हवेचे असतात. त्यांची वाट पाहत बसणारा पॅडविषयीं अंधारांतच राहतो.

मग कानानें तरी ओळखतां येतें काय? येतें, त्यासाठीं योजनाहि आहे. पुष्कळ पॅडांच्या पाठीवर पोलादाची एक पातळ, वळलेली जीभ बसविलेली असते. थर दोन-तीन मिलिमीटर उरला कीं ती जीभ फिरत्या तबकडीला टेकते आणि बारीक, चिरका आवाज काढूं लागते. हीच नातीची शिट्टी. परंतु वयोमानानें कान मंद होऊं लागतो तो असे उंच स्वर आधीं हरवूनच. खालचे स्वर पुष्कळ दिवस नीट ऐकूं येतात. पुढें कानाच्या डॉक्टरांनीं माझी तपासणी करून हेंच सांगितलें. म्हणजे जी सूचना वेळेवर मिळते ती म्हाताऱ्याला ऐकूं येत नाहीं, आणि जी ऐकूं येते ती खरखर वेळ टळल्यावरची असते. तोंवर थर संपून पोलाद लोखंडावर घासूं लागलेलें असतें. त्यांतून कांचा मिटलेल्या, वातानुकूलन चालूं, आणि आमची ही नभोवाणीहि चालूं! ज्यांनीं साठी ओलांडली आहे त्यांनीं महिन्यांतून एकदां कांचा उघडून, एखाद्या भिंतीच्या कडेनें हळू हळू गाडी न्यावी, दोनचार वेळां ब्रेक लावावा, आणि शेजारीं एखादें लहान मूल बसवावें. भिंतीवरून आवाज परत येतो आणि मूल खरें बोलतें.

प्रत्येक किंचाळी मात्र पॅडची नव्हे. पावसाळ्यांत रात्रभर गाडी उभी राहिली कीं तबकडीवर गंजाचा पातळ पापुद्रा चढतो; सकाळीं पहिल्या दोनचार वेळां ब्रेक कुरकुरतो आणि मग थांबतो. त्याची चिंता नको. जो आवाज दिवसभर, ब्रेक हलका लावतांना पुनःपुन्हां येतो तो खरा. ब्रेक लावतांना पायाखालीं धडधड होत असेल तर बहुधा तबकडी सम राहिलेली नाहीं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एकीकडचा ब्रेक अडकला असण्याचा संभव असतो.

बॉनेट उघडल्यास ब्रेक ऑइलची लहानशी पांढुरकी डबी दिसते आणि तिच्यावर वरची व खालची अशा दोन खुणा असतात. पॅड झिजले, दट्टे पुढें सरकले, कीं त्यांच्या मागें तेल जाऊन डबींतील पातळी सावकाश उतरते. अशा वेळीं नुसतें तेल ओतून समाधान मानूं नये; पॅड पाहावे. पातळी झपाट्यानें उतरली तर तेल कोठें तरी गळत आहे असें समजून गाडी हलवूंच नये. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून दर दोन वर्षांनीं बदलणें इष्ट. 'डॉट ३' जातीचें तेल कोरडें असतांना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरूं शकते. पॅड पातळ झाला कीं तबकडीची उष्णता तेलापर्यंत लवकर पोहोंचते. तेल उकळलें कीं ब्रेक पायाखालीं बसतो. घाटांत याहून भयंकर दुसरें काय असणार? चढतांना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्यें उतरावें, हा जुन्या चालकांचा नियम त्यासाठींच आहे.

राहिला डोळा. नव्या पॅडचा थर सुमारें १० ते १२ मिलिमीटर असतो. मुलांच्या कंपासपेटींतील पट्टीवरच्या तीन बारीक रेघांएवढा तो उरला कीं पॅड बदलावे. आणखी एक फेरी होईल, असें म्हणूं नये. किती किलोमीटरांनीं ही वेळ येईल तें सांगतां येत नाहीं. मोकळ्या रस्त्यावर ६०,००० किलोमीटर टिकणारे पॅड शहराच्या गर्दींत ३०,००० मध्यें संपतात.

पण डोळाहि कसा फसतो तें वाईला कळलें. अर्धा तास गाडी थंड होऊं देऊन, पहिल्या गिअरमध्यें मुंगीच्या पावलांनीं आम्हीं घाट उतरलों आणि गांवांतील एका मिस्त्रीकडे गेलों. त्यानें चाकाच्या फटींतून विजेरीचा प्रकाश टाकला. बाहेरचा पॅड चांगला पांच मिलिमीटर शिल्लक होता! माझा जीव भांड्यांत पडला. तो मात्र म्हणाला, "काका, चाक काढल्याशिवाय मी बोलणार नाहीं." चाक काढलें. आंतल्या अंगाचा पॅड पार संपून त्याची पोलादी पाठ तबकडीवर चर पाडीत होती. ज्या सळ्यांवर ती पकड सरकते त्या गंजून अडकल्या होत्या, म्हणून सारा भार एकाच पॅडवर पडला होता. "ब्रेक ठीक" हा शेरा कसा लिहिला गेला तें तेव्हां उमगलें: कोणी तरी बाहेरून डोकावून पाहिलें होतें.

तेव्हांपासून गाडी तपासावयास दिली कीं मी तेथेंच उभा राहतों, चाक काढावयास लावतों आणि दोन्ही पॅड स्वतःच्या पट्टीनें मोजतों. तेथील मुलें हंसतात, हंसोत.

त्या दिवशीं पुढच्या दोन्ही चाकांचे चारी पॅड बदलले, कारण एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असले तर गाडी सरळ थांबत नाहीं. तबकड्याहि बदलाव्या लागल्या. शिट्टी ऐकली असती तर तो खर्च वांचता. मी किल्ली लावणार तोंच मिस्त्रीनें हात धरला. नवे पॅड बसवितांना दट्टे मागें दाबलेले असतात, म्हणून गाडी हलविण्यापूर्वीं ब्रेक दाबून दाबून ते जागेवर आणावयाचे असतात, असें तो म्हणाला. मीं दाबला. पहिल्या खेपेस पाय थेट तळाला गेला. दुसऱ्या खेपेस अर्धा. चौथ्या खेपेस ब्रेक वर आला. पहिले दोनतीनशें किलोमीटर जोरानें ब्रेक लावूं नका, असेंहि त्यानें सांगितलें. मागच्या आसनावर नात कान टवकारून बसली होती. पुण्याला पोहोंचेपर्यंत तिला कांहीं ऐकूं आलें नाहीं.