सुमित्रा भावे : आजाऱ्याच्या शेजारचा कॅमेरा

पुण्याची वसंत व्याख्यानमाला ऐन उन्हाळ्यात भरते आणि इथल्या, न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थचा वसंत सप्टेंबरात येतो. ऋतू उलटे असले तरी विषय पुण्याचाच घेतो. सुमित्रा भावे (१९४३–२०२१) यांच्या चित्रपटांची ओळख करून देताना बहुतेक जण विषयांची यादी वाचतात. ‘देवराई’ म्हणजे स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’ म्हणजे कोड, ‘अस्तु’ म्हणजे स्मृतिभ्रंश, ‘कासव’ म्हणजे नैराश्य. दवाखान्याच्या दारावरची पाटीच जणू! ही यादी खोटी नाही, पण तिच्याआड भावे यांचे खरे काम झाकले जाते. माझे म्हणणे असे, की त्यांनी आजारांवर चित्रपट काढलेच नाहीत. आजारी माणसाच्या शेजारी ज्यांना राहावे लागते, त्यांच्यावर काढले. आणि ही नजर त्यांनी समाजकार्यातून आणली.

त्यांचे शिक्षण टाटा समाजविज्ञान संस्थेत झाले आणि पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले. गरीब वस्त्यांतल्या बायकांच्या जगण्यावर संशोधन करताना त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. ज्या बायकांकडून माहिती घेतली, त्यांना अहवाल वाचता येणार नव्हता. मग तो लिहायचा कोणासाठी? या प्रश्नातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला आणि दोन वर्षांनी ‘पाणी’. चित्रपटाचे कोणतेही शिक्षण न घेतलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापिकेच्या या दोन्ही लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले सुनील सुकथनकर त्यांना सहदिग्दर्शक म्हणून लाभले आणि ही जोडी अखेरपर्यंत टिकली. संशोधकाची ती जुनी अट मात्र भावे यांनी सोडली नाही. ज्यांच्याविषयी आपण बोलतो, त्यांना त्या बोलण्यात स्वतःचे जगणे ओळखता आले पाहिजे.

‘दोघी’ (१९९५) पाहा. इथे आजार नाही, पण नजर तीच आहे. लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो, गौरी अपशकुनी ठरते आणि अखेर तिला मुंबईच्या वेश्यावस्तीत जावे लागते. हा विषय घेऊन अश्रू काढणे सोपे होते. पण चित्रपटाचा भार गावात राहिलेल्यांवर आहे. गौरीच्या पैशावर जगणारी आणि तिचे नाव घ्यायला लाजणारी आई, आणि ताईला परत घरात घेऊ पाहणारी धाकटी कृष्णा. गौरीवर काय कोसळले हे आपल्याला कळतेच. बाकीच्यांनी त्याचे काय केले, हा या चित्रपटाचा प्रश्न आहे.

पुढच्या चित्रपटांत हीच मांडणी अधिक धीट होते. ‘देवराई’तला शेष बरा होऊन टाळ्या घेत नाही, बदलावे लागते ते त्याची बहीण सीना हिला. ‘अस्तु’मध्ये संस्कृतचे गाढे पंडित असलेले वडील हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती चन्नम्मा, माहुताची कानडी बायको. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, म्हणून ती गेल्याचे दुःखही नाही. समोर भुकेले म्हातारे मूल आहे, एवढेच ती पाहते. मुलगी इरा मात्र आठवणीतल्या बापाशी समोरच्या माणसाची तुलना करत राहते आणि दमते. आईवडिलांची काळजी इथून फोनवर करणाऱ्यांना इराचा हा थकवा निराळा समजावून सांगायला नको. ‘कासव’मधली जानकी तर एका खचलेल्या मुलाला, तो कोण, कुठला याचा पत्ता नसताना घरी आणते. उपदेश करत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर कासवीण वाळूत अंडी घालून समुद्रात परतते आणि दुसरेच कोणीतरी त्यांची राखण करतात. सांभाळायचे, पण हक्क सांगायचा नाही, असेच जानकीचे त्या मुलाशी नाते आहे. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवणारा ‘कासव’ हा पाचवा मराठी चित्रपट.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे सारे प्रबोधन झाले, यात सिनेमा कुठे? आक्षेप थोडा मान्य करायला हवा. ‘एक कप च्या’मध्ये माहितीच्या अधिकाराची महती कधीकधी सरकारी पुस्तिकेच्या सुरात येते. पण प्रबोधनपटाची खूण अशी, की त्याच्याकडे उत्तर तयार असते. उपचार घ्या, सारे ठीक होईल. ‘अस्तु’ हे आश्वासन देत नाही. विस्मरण परतून जाणार नाही, हे तो मान्य करूनच चालतो. उत्तर नसताना तासदोन तास प्रेक्षकाला बसवून ठेवणे, यालाच तर कसब लागते.

दुसरा आक्षेप शैलीचा. संवाद फार, गती संथ. इथे तरारुआ डोंगरापलीकडच्या मास्टरटनमध्ये जन्मलेल्या बॅरी बार्कले यांची आठवण उपयोगी पडेल. १९७४ च्या ‘तांगाता व्हेनुआ’ या दूरचित्रवाणी मालिकेत या माओरी दिग्दर्शकाने वडीलधाऱ्यांना आपापसात, आपल्या लयीत बोलू दिले. कॅमेऱ्याने आधी ऐकायला शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. भावे यांनी बार्कले वाचले होते, असा माझा दावा नाही. पण दोघांनाही आपल्या माणसांकडे बाहेरच्याच्या घाईने पाहायचे नव्हते. ज्याला आपण संथ म्हणतो, ते पुष्कळदा दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे असते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. हा सारा सुशिक्षित शहरी माणसाचा कळवळा, असे म्हणता येते. याचे उत्तर ‘दिठी’त आहे. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा चित्रपट भावे गेल्यानंतर महिन्याभराने, मे २०२१ मध्ये लोकांपुढे आला. तरुण मुलगा पुरात गमावलेला रामजी लोहार वारकरी आहे. वर्षानुवर्षे ऐकलेली ज्ञानेश्वरी त्याला या दुःखात धीर देत नाही. इथे ना डॉक्टर आहे, ना समुपदेशक. सोबतचे वारकरी पोथी वाचतात आणि वाट पाहतात. रामजीला हलवते ती अडलेली गाय. तिला सोडवण्याचे कसब त्याच्या हातात असते, म्हणून भर पावसात त्याला बोलावणे येते. शब्दांनी जे साधले नाही, ते त्या हातांच्या कामाने साधते. इथल्या मानावाटू परिसराच्या कुरणांत वासरे जन्मतात, त्याच दिवसांत हा चित्रपट पाहण्याची सोय इथल्या मंडळींना आहे. पुण्याच्या प्रेक्षकांना गाईच्या त्या वेणा पडद्यावरूनच समजून घ्याव्या लागल्या.