काळे झालेले पाणी काय सांगते?

 

आपल्या बमरोलीत पाण्याचे फिल्टर विकणारे दारावर येतात. दोन ग्लास मांडतात. एकात आरओचे पाणी, दुसऱ्यात आपल्या बोअरचे. दोन्हींत सळ्या बुडवून वीज सोडली, की मिनिटाभरात आपले पाणी तपकिरी, काळपट होते. "बघा काकू, हे तुम्ही पिता!" आमच्याही घरी हा प्रयोग झाला आणि आम्हीही घाबरलो.

खरे तर तो रंग पाण्यातला नव्हे, सळीतला. एक सळी लोखंडाची असते. बोअरच्या पाण्यातील क्षारांमुळे वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचा गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी, म्हणून ते स्वच्छ राहते. त्यात चिमूटभर मीठ टाकून पाहा, तेही तसेच होईल.

गंमत अशी, की हाच गंज मोठ्या कामाचा आहे. पाण्यातले आर्सेनिक त्याच्या कणांना चिकटते आणि कणांबरोबर गाळात बसते. मुंबईत जन्मलेले, अमेरिकेत बर्कले येथे काम करणारे शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह या तत्त्वावर संयंत्र उभारले. पश्चिम बंगालमधील धपधपीच्या शाळेत ते दिवसाला १०,००० लिटर पाणी देण्याच्या क्षमतेचे बसवले गेले. विषारी क्रोमियमही विरघळलेल्या लोखंडामुळे कमी घातक रूपात येऊन गाळात उतरते. मात्र तो गाळ गटारात ओतला, तर विष पुन्हा जमिनीत जाण्याची भीती. म्हणून हे काम जाणकारांचे, घरच्या बादलीतले नव्हे.

आपल्या शेजारी पांडेसरा जीआयडीसी आहे. आपल्या बोअरमध्ये जड धातू आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण तपासल्याशिवाय 'नाहीत' असेही म्हणता येणार नाही. धातू पाणी उकळून जात नाहीत. टीडीएसचे मीटरही ते ओळखत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढेसे त्या मीटरला कसे कळणार?

तेव्हा विनंती एवढीच. प्रत्येक सोसायटीने वर्गणीतून बोअरचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. अर्जात शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक ही नावे स्पष्ट लिहावीत; साध्या तपासणीत ती असतीलच असे नाही. अहवाल नोटीस बोर्डावर लावावा. कोणता फिल्टर घ्यायचा, ते त्यानंतर ठरवू.

मोरया!