मुक्कामावरचं धुणं

डोंगरात दोन-चार दिवस राहायला निघालेला माणूस आधी सामानाची यादी करतो. पांघरूण, बॅटरी, काडेपेटी, पोहे, चिवडा. या यादीत साबणाची वडीही हटकून असते. ती वडी कुठे वापरायची, किती वापरायची आणि मुळात वापरायची का, एवढं मात्र यादीत कुणी लिहीत नाही. आज त्या वडीविषयीच तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल. मळके कपडे धुवायचे, त्यात व्याख्यान कसलं द्यायचं, असं तुमच्या मनात आलं तर ते साहजिकच आहे. पण आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाला हा विषय परका नाही, हे थोड्याच वेळात ध्यानात येईल.

आपल्याकडची सगळ्यांत मोठी पायी मोहीम म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १६६० च्या जुलैत निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला. त्याच वाटेने दर वर्षी त्याच दिवसांत तरुणांच्या तुकड्या चालत जातात. मसाई पठार, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी अशी ती पन्नासएक किलोमीटरची वाट. दिवस आषाढाचे, पाऊस धो धो. पहिल्याच दिवशी पोटरीपर्यंत चिखल, पाठीवर चिखल, आणि मोज्यांत तर विचारूच नका. मुक्कामाची वाडी आली की पाठीवरची ओझी पडवीत टाकून सगळी मंडळी थेट ओढ्यावर धावतात आणि साबणाच्या वड्या निघतात.

आता साधा हिशेब करू. तीनशे जणांची तुकडी आहे आणि प्रत्येकाने दहा ग्रॅम साबण झिजवला असं धरा. म्हणजे एका संध्याकाळी, एका ओढ्यात, तीन किलो साबण! गावातल्या वीस-पंचवीस घरांना तेवढा साबण संपवायला कितीतरी दिवस लागतील. आणि ओढा तरी कुठला? या वाटेवरच्या पुष्कळ ओढ्यांचं पाणी कासारीला जातं. कासारीचा उगम तिकडेच, गजापूरच्या बाजूला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून आपली पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमावर आपण हात जोडतो ते याच पाण्याला.

इथे कुणी म्हणेल, आणि वर्गात मुलं म्हणतातच, की सर, पंचगंगेत शहराचं सांडपाणी जातं, कारखान्यांचं जातं. आमच्या वडीने काय होणार आहे? पंचगंगेचं दुखणं सांडपाण्याचं आणि कारखान्यांचं आहे हे खरंच आहे. ते मोजे न धुतल्याने बरं होणार नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. पण वाडीजवळचा ओढा म्हणजे पंचगंगा नव्हे. तो हातभर रुंद असतो. त्याच्या खालच्या अंगाला कुणाची तरी घागर भरली जात असते. मोठ्या नदीत जे विरून जाईल ते या एवढ्याशा पाण्यात विरत नाही. प्रश्न त्या घागरीचा आहे.

दुसरी शंका याहून जास्त टोकदार असते. गावातल्या बायका ओढ्यावरच धुणं आपटतात, मग आम्हालाच का अडवता? याचं उत्तर जुन्या पाणवठ्याच्या रीतीत आहे. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, त्याखाली गुरांचं, सगळ्यांत खाली धुण्याचं. हा क्रम कुठे पाटी लावून लिहिलेला नसतो. पण गावातल्या लहान पोरीलाही तो ठाऊक असतो. आपण बाहेरची माणसं त्या क्रमाला अनोळखी. जिथे पाणी पहिल्यांदा दिसलं तिथेच बसतो, आणि नेमकं तेच पिण्याचं असतं. शिवाय त्या बाया चार घरच्या, आपण एका रात्रीत तीनशे. त्यांच्या घरी नळ नसेल तर त्यांना दुसरा इलाज नाही. आपल्याला आहे.

साबण पाण्यात नेमकं काय करतो, तेही पाहू. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला चिकटतं, दुसरं तेलाला. म्हणून तर मळ सुटतो. पण माशाच्या कल्ल्यांवर जे चिकट संरक्षक आवरण असतं त्यालाही तो तसाच सोडवतो. पाण्याच्या पृष्ठभागाला जो ताण असतो तो साबणाने सैल पडतो, आणि त्या ताणावर धावणारे लांब पायांचे किडे बुडू लागतात. बेडूक तर कातडीनेही श्वास घेतो. जुलै हा त्याच्या अंडी घालण्याचा महिना आणि आपला मोहिमेचा. धुण्याच्या काही पावडरींत फॉस्फेट असतं. ते पाण्यातल्या शेवाळाला खतासारखं लागू पडतं. साचलेल्या पाण्याला खतपाणी मिळालं की काय होतं, हे केंदाळाने भरलेला रंकाळा पाहिलेल्या कोल्हापूरकराला मी काय सांगणार!

म्हणून काही जण म्हणतात, आम्ही रिठा वापरतो, शिकेकाई वापरतो. ती तर झाडाची आहेत. ही समजूत मोठी गोड आहे, पण पुरती खरी नाही. रिठ्यात जो फेस आणणारा अंश आहे तो माशांना विषारी असतो. फेसाळ वनस्पती ठेचून डोहात टाकायच्या आणि गुंगलेले मासे वेचायचे, ही मासेमारीची तऱ्हा जगात अनेक ठिकाणी जुनी आहे, आणि रिठ्याच्या जातीची फळं त्या कामी वापरली गेली आहेत. तेव्हा रिठा घरच्या न्हाणीत उत्तम, ओढ्यात नाही. वेष्टनावर ‘निसर्गात विघटन होणारा’ असं छापलेला महागडा साबण घेतला तरी तेच. त्याचं विघटन करतात मातीतले जिवाणू, आणि त्यांना त्यासाठी वेळ लागतो. तो साबण थेट पाण्यात गेला तर विघटन होईपर्यंत जी हानी व्हायची ती होऊनच जाते.

मग धुवायचं कसं? हे आपल्या कोल्हापूरला पूर्वीच सुचलेलं आहे. रंकाळ्याच्या ‘धुण्याच्या चावी’चं नाव आपल्या ऐकण्यात असेलच. लोकांनी तळ्यात उतरून कपडे धुवू नयेत म्हणून तळ्याचं पाणीच बाहेर आणून धुण्याची निराळी सोय केलेली. मळ पाण्याकडे न्यायचा नाही, पाणी मळाकडे आणायचं. डोंगरातही एवढंच करायचं असतं. अमेरिकेत रानावनात मुक्काम करणाऱ्यांना जो शिष्टाचार शिकवतात त्यात अंतरही सांगितलं आहे : पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे मोठ्या माणसाची ऐंशी-नव्वद पावलं. पातेल्यातून किंवा घडीच्या बादलीतून पाणी तेवढं लांब न्यावं. आमचे विद्यार्थी जाड प्लॅस्टिकची पिशवी नेतात. तिच्यात मोजे, गंजीफ्रॉक आणि तांब्याभर पाणी घालायचं, नखाएवढा साबण किसून टाकायचा, तोंड आवळून पाच मिनिटं ताक घुसळावं तसं घुसळायचं. साबण नसला तरी निम्मा मळ नुसत्या घुसळण्यानेच जातो, हे एकदा करून बघा. खळबळण्याचं पाणीही तिथेच, लांबच. ओढ्यात ‘नुसतं खळबळून आणतो’ म्हणणाऱ्याच्या हातातल्या कपड्यात सगळा साबण असतोच की!

मळकं पाणी एका जागी ओतू नये; मातीवर, पालापाचोळ्यावर पसरून शिंपडावं. घराच्या परसात न्हाणीचं पाणी अळूला, केळीला, कर्दळीला सोडण्याची आपल्याकडे रीत होती, तिचंच हे रानातलं रूप. वाडीत मुक्काम असेल तर सरळ घरच्या मावशींना विचारावं, ‘मावशी, धुण्याचं पाणी कुठं टाकू?’ त्या जागा दाखवतात, आणि बहुधा दोरीही देतात.

पण ही कृती जशीच्या तशी सगळीकडे चालत नाही. मसाई पठारावर जांभ्याचा सडा आहे. माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. तिथे ओतलेलं पाणी मुरत नाही, घसरत थेट खालच्या ओढ्याला मिळतं. शिवाय अशा सड्यांवर पावसाळ्यात जी इवली फुलं येतात, सीतेची आसवं, दवबिंदू, ती निकस मातीलाच सरावलेली असतात. माती निकस म्हणून त्यांतल्या काही किडे खाऊन जगतात. तिथे साबणाचं पाणी हा त्यांच्यावर अत्याचारच. पठारावर धुणं नकोच. गडावरच्या टाक्यांचं तर बोलायलाच नको. टाकं वाहत नाही. पावसाने भरतं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तेवढ्यावरच भागवायचं असतं. त्यात एकाने जरी पाय धुतले तरी ते पाणी उन्हाळ्यात चढून येणाऱ्याच्या घशाखाली जायचं आहे. रांगण्यावरचं तळं तुम्ही पाहिलं असेल. असं पाणी वर मिळतं म्हणून तर गडावर माणूस राहू शकला.

आणि खुद्द जुलैच्या मोहिमेत? जमीन पाण्याने तुडुंब झालेली असते. शिंपडलेलं पाणी मुरायला तिच्यात जागाच उरलेली नसते, आणि ऐंशी पावलं लांब ओतलं तरी दहा मिनिटांत ते ओढ्यात. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की पावसाळी मोहिमेत साबणाची वडी घरी ठेवावी. कपडे साध्या पाण्याने लांबवर पिळून काढावेत आणि मळके तसेच घरी आणावेत. नाही तरी त्या हवेत धुतलेला शर्ट दोन दिवस वाळत नाही; ओला धुतलेला आणि ओला मळका यांत सकाळी अंगात घालताना फारसा फरक जाणवत नाही. रात्रीचा एक कोरडा जोड मात्र प्लॅस्टिकमध्ये बांधून जपावा आणि सकाळी मन घट्ट करून पुन्हा ओलेच कपडे चढवावेत. कोरडा जोड वाटेत घालणारा दुसऱ्या रात्री कुडकुडतो.

मोज्यांच्या बाबतीत मी थोडा नरम आहे. सतत ओल्या पायांना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि मग चालणं म्हणजे शिक्षा. म्हणून मोज्यांचे तीन जोड न्यावेत. रात्री पाय साध्या पाण्याने धुऊन, बोटांमधली जागा कोरडी पुसून कोरडे मोजे घालावेत. ओले मोजे घरधनिणीला विचारून चुलीच्या वरच्या दांडीवर टाकावेत. धुराचा वास लागतो, तो सोसावा. जळवा चावून रक्ताचे डाग पडले असतील तर गार पाणीच वापरावं. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. अंगाला डासांचं औषध फासलं असेल तर ओढ्यात डुंबू नये. तेही साबणाइतकंच परकं.

हिवाळ्यातल्या मुक्कामात एवढी बंधनं नाहीत. ऊन असतं, माती कोरडी असते, शिंपडलेलं पाणी मुरतं. दाजीपूरकडे जाणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं. १९५८ मध्ये अभयारण्य म्हणून राखलेलं ते जंगल गव्यांचं आहे, आणि उन्हाळा चढेल तसे पाणवठे आटत जातात. उरलेल्या डबक्यांवर त्यांचा हक्क पहिला. तिथे मुक्काम वनखात्याच्या परवानगीनेच करायचा, आणि धुणं चार दिवस तुंबलं तर तुंबू द्यावं. गवा काही आपल्या शर्टाकडे पाहत नाही.

घरी आल्यावर कपड्यांचं गाठोडं त्याच रात्री सोडा, थकला असाल तरी. बांधून ठेवलेल्या ओल्या कपड्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जन्मात जात नाहीत. आधी सगळं दोरीवर पसरा. चिखल वाळला की तो ब्रशने झाडा, मातीचे पापुद्रे आपोआप सुटतात. ती माती तुळशीच्या कुंडीत टाका. मग बादलीत पाणी घ्या आणि साबणाची वडी काढा.