माउस कुणाच्या हातात?

(हिंगोली जिल्ह्यातील एका वसंत व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संक्षेपाने)

शाळेत संगणक असावा की नसावा हा वाद मी आज उकरून काढत नाही. शाळांसाठीची आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना, लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या डिजिटल शाळा, हे सगळं तुम्ही जवळून पाहिलंय. मला सांगायचंय ते इतकंच, की संगणकाच्या वर्गाबद्दलचं संशोधन शोधताना यंत्राचं नाव टाकू नका, आपली अडचण टाका.

मी सेनगाव तालुक्यात शिक्षक होतो. वर्गात चाळीस मुलं आणि चालू संगणक एक. माउस कायम एकाच पोराच्या मुठीत. तिसऱ्या रांगेत एक मुलगी टाचा उंचावून उभी राहायची. तिची उजवी मूठ बाकावर सरकत असायची, माउस धरल्यासारखी. मधूनच एक बोट दाबायची. ही शिकतेय, असंच मला वाटायचं. तिच्या हाती माउस दिला तेव्हा कळलं, बाण कुठे न्यायचा हेच तिला ठाऊक नव्हतं. वर्ष संपत आलं होतं.

तेव्हा मी ‘संगणक शिक्षण’ असं टाकून शोधायचो. क्लासच्या जाहिराती यायच्या. (हशा) हसताय, म्हणजे तुम्हीही शोधलंय! पुढे गूगल स्कॉलरवर इंग्रजीत एवढंच टाकलं: पुष्कळ मुलं, एक संगणक, भारत. आणि समोर माझाच वर्ग आला. उदयसिंग पवार, जॉयोजीत पाल आणि केंतारो टोयामा यांचा 2006 चा निबंध. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधलं हे काम. त्यांनी एकाच संगणकाला अनेक माउस जोडले, प्रत्येकाच्या बाणाला वेगळा रंग दिला. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की शर्यत लावली तर मुलं न वाचताच क्लिक करत सुटतात. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय उत्तर स्वीकारलं जाणार नाही, असं केलं की मुलं थांबतात, आपसात बोलतात. माझ्या वर्गातली ती मुलगी तिथे असती तर तिचाही एक बाण असता.

बराच वेळ मी इथेच रमलो. आयोजक घड्याळ दाखवताहेत.

मागून कुणी म्हणतंय, “सर, ऑनलाइन माहिती भरण्यातून सवड कुठंय?” खरं आहे. दोष गुरुजींना लावायला मी आलेलो नाही. म्हणूनच थोड्या श्रमाची वाट सांगतो. एक चांगला लेख सापडला की त्यातले विषयशब्द वहीत उतरवा आणि ‘साइटेड बाय’ दाबा. त्याच्यावर पुढे कुणी काय लिहिलं, ते आपोआप समोर येतं. एरिक हा अमेरिकी सरकारचा शिक्षणविषयक साठा मोफत चाळता येतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर प्रबंध आहेत, मराठीतलेही.

ली लिंडन यांचा गुजरातचा अभ्यास तर आवर्जून वाचा. शिक्षकाचा तास काढून संगणक दिला तेव्हा मुलांचं शिकणं घटलं. शाळेच्या वेळेबाहेर जादा वेळ म्हणून दिला तेव्हा वाढलं. शिक्षकांच्या केंद्र-बैठकीत वेळापत्रक ठरवताना हा निष्कर्ष पुढ्यात ठेवा.

...हो, दोनच मिनिटं. दाराशी वही ठेवलीय. जाताना आपल्या वर्गातली अडचण एका ओळीत लिहा, नाव नको. उद्या अकरा वाजता वाचनालयात बसू. मराठीतच लिहा. शोधायचे इंग्रजी शब्द आपण मिळून काढू.